पाणी तोडलेला वाफा

"बटणं बारीक करायला लागलेत हल्ली. काजं तेवढीच, बटणं मात्र मोहरीएवढी."

वहिनी स्वतःशीच पुटपुटत होती. हॉस्पिटलातल्या त्या पडद्यामागे दोघी उभ्या राहिलो की श्वास पाळीपाळीने घ्यावा लागायचा, त्यामुळे तिची कुरकुर थेट माझ्या कानात होत होती. तपासणीचा झगा काढून तिने आपला निळा शर्ट अंगात चढवला होता आणि पहिल्याच बटणाशी अडली होती. बोटं बटणावरून नुसती फिरत होती, जाड हातमोजे घातल्यासारखी. शेवटी मी तिला माझ्याकडे वळवलं आणि खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावून दिली.

"मागच्या खेपेला ह्याच शर्टाची बटणं बरी होती," मी म्हटलं.

"मागच्या खेपेला मला बोटं होती, ताई."

ती हसली, मीही हसले. आमच्या घरात आता तशी पद्धतच पडली होती. काहीही झालं की आधी हसून घ्यायचं, म्हणजे दुसऱ्याला बोलायला जागा राहत नाही. पण ती बोटं काय होती ते मला माहीत होतं.

वहिनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. आमचा धंदा सदाफुलीच्या पाल्याचा. लोक सदाफुली कुंडीत लावतात, गुलाबी-पांढरी फुलं बघतात आणि विसरून जातात. आम्ही फुलांकडे बघत नाही. आम्ही वाफेच्या वाफे लावतो, शेंडे कापतो, पानं ओरबाडतो, पत्र्याच्या शेडमध्ये मांडण्यांवर सावलीत वाळवतो आणि पोत्यांत भरून औषधाच्या कारखान्याला देतो. तिथे त्या पाल्यातून कॅन्सरवरच्या औषधाचा अर्क काढतात. टेम्पोभर पाल्यातून चिमूटभरही निघत नाही म्हणतात. बाकी सगळं फेकून देतात.

पाला निवडायच्या कामात वहिनीचा हात धरणारं कोणी नव्हतं. पिवळं पान, किडकं पान, काडी, तिच्या बोटांना डोळे होते. माझ्याशी गप्पा मारत, खिडकीबाहेर बघत ती ढीग उपसायची आणि मी तिच्या मागे मागे तपासून दमायचे. एक काडी सापडली तर त्या दिवशी मी तिला चिडवायचे, म्हातारी झालीस म्हणून. माझं लग्न झालं नाही, माझं सगळं ह्या दोघांत आणि ह्या शेडमध्येच. त्यामुळे चिडवायलाही दुसरं कोणी नव्हतं.

तिच्या गळ्याशी गाठी आल्या, काखेत आल्या, ताप जाईना, तेव्हा तपासण्या झाल्या. डॉक्टरबाईंनी समोर बसवून रोगाचं नाव सांगितलं. आम्ही ते नाव ऐकलं आणि घरी येईपर्यंत त्याचं 'गाठ' करून टाकलं. तेव्हापासून घरात गाठच म्हणतात. डॉक्टरबाईंनी सांगितलं की औषधं तीन-चार मिळून द्यायची आहेत आणि त्यातलं एक सदाफुलीपासून निघतं. भाऊ इतका वेळ खाली बघून बसला होता, त्याने एकदम मान वर केली. कारखान्याचा मालक भेटल्यावर करतो तसा चेहरा केला. "म्हणजे आमचंच," तो म्हणाला.

बाई हसल्या. म्हणाल्या, कदाचित तुमचंच.

ते 'कदाचित' आमच्या घरातल्या कोणीच ऐकलं नाही.

त्या दिवशी, बटणांच्या दिवशी, मी वहिनीजवळ बसून औषध चढताना बघितलं. सिस्टरने आधी एक हातमोजा घातला, त्यावर दुसरा घातला, वर लांब झगा चढवला. छोटीशी पिशवी होती, पाण्यासारखं औषध. सुई शिरेत नीट बसली आहे ना, हे तिने पुन्हा पुन्हा बघितलं. मी विचारलं, एवढी काळजी कशाला? ती म्हणाली, हे शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळतं. मग वहिनीच्या हातावर हलकेच टिचकी मारून म्हणाली, चुरचुरलं तर लगेच ओरडायचं हं, लाजायचं नाही.

वहिनी म्हणाली, "आम्ही तर हे पोत्याने भरतो."

सगळे हसले. आई सगळ्यात जास्त हसली. आई म्हणजे माझी आई, वहिनीची सासू. ती प्रत्येक खेपेला बरोबर यायची, कोपऱ्यातली खुर्ची धरायची आणि पिशवीतलं औषध संपेपर्यंत ओठ हलवत बसायची.

नंतर डॉक्टरबाईंनी गळ्याला हात लावून बघितलं. गाठी बऱ्याच विरघळल्या होत्या. मग नेहमीचा प्रश्न विचारला, घरी आणखी काही घेता का, झाडपाल्याचं, कुणी दिलेलं. नेहमीप्रमाणे आईनेच उत्तर दिलं. घरचं जेवण आणि तुमचं औषध, तिसरं काही नाही. भाऊ खिडकीबाहेर बघत होता. वहिनीने हात मांडीखाली घातले होते, म्हणजे बोटं दिसू नयेत. मला वाटलं, बोटांचं सांगावं. पण तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी पिशव्या उचलल्या.

वाफ्याचं माझ्या लक्षात आलं ते त्यानंतर थोड्याच दिवसांत.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कापणीच्या आधी काही दिवस वाफ्याचं पाणी तोडायचं. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, कडा वळतात, बघवत नाही. पण पाल्याचा कस वाढतो. भाऊ म्हणतो, झाड घाबरलं की आपलं सगळं विष पानात गोळा करतं. किती ताण द्यायचा ह्याचा त्याला अंदाज आहे. जास्त झाला तर झाड मरतं, कमी झाला तर कारखान्याचा माणूस मूठभर पाला तपासून तोंड वाकडं करतो. पण अंदाज म्हणजे अंदाजच. एकाच वाफ्याचा पाला एका खेपेला कसाला उतरतो आणि पुढच्या खेपेला पडतो. का, ते आजवर आम्हाला डोळ्यांनी सांगता आलेलं नाही. चव घेऊन तर नाहीच, कारण पाल्याचा हात तोंडाला लावायचा नाही हे आईने आम्हा दोघांना लहानपणीच पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. शेळीसुद्धा ह्या पाल्याला तोंड लावत नाही.

तर कापणीला अजून बराच अवकाश होता. सगळे वाफे टवटवीत होते, आणि शेडमागचा एकच वाफा मान टाकून पडला होता. मला वाटलं नळी तुंबली. मी भावाच्या नावाने बडबडत वाकले, नळी बघितली. नळी तुंबली नव्हती. तिला गाठ मारली होती, नीट, दुहेरी.

मी तशीच उकिडवी बसून राहिले. मग झाडं बघितली. काही शेंडे कात्रीने उडवलेले होते, तिरपे, एका उंचीवर. ही भावाची कात्री. काही शेंडे नखांनी खुडलेले, चिमटा काढल्यासारखे, अर्धवट चेंगरलेले. भाऊ नखांनी कधी खुडत नाही. आणि अगदी खाली, जमिनीलगत, काही पानं नुसती ओढून काढलेली, फांदीची साल लोंबत होती. ते मी शेळीवर ढकललं. शेळी तोंड लावत नाही हे आत्ताच सांगितलं, तरी ढकललं. दोन गोष्टी कळल्यावर तिसरी कळून घ्यायची माझी तयारी नव्हती.

भाऊ शेडमध्ये मांडणीवरचा पाला उलथत होता. मी विचारलं, त्या वाफ्याचं पाणी कोणासाठी तोडलंस? आधी त्याला ऐकूच आलं नाही. मग म्हणाला, बघतोय जरा, प्रयोग. मी म्हटलं, प्रयोग कप-बशीत करतोस का? संध्याकाळी वहिनीला कप देतोस तो बघितलाय मी. त्याने हातातलं फावडं भिंतीला लावलं. मिशा पांढऱ्या झाल्यात त्याच्या, पण चोरी पकडल्यावर कान अजून तसेच लाल होतात.

मग सगळं सांगितलं. संध्याकाळी तो मूठभर ताजा पाला उकळतो, अर्धा कप उरेपर्यंत आटवतो आणि तिला देतो. तिला सांगितलंय की भूक लागायचं टॉनिक आहे. ती काही विचारत नाही, नाक दाबून पिते. साध्या वाफ्यातलं कशाला द्यायचं, चांगल्यातलं चांगलं द्यावं, म्हणून एक वाफा तिच्यासाठी राखला आणि त्याला ताण दिला, कापणीला देतो त्याहून जास्त.

चांगल्यातलं चांगलं. त्याच्या तोंडून ते ऐकताना मला सिस्टरचे दोन हातमोजे आठवत होते, एकावर एक. मी त्याला म्हटलं की अरे, त्या पिशवीत किती असतं ते त्या तिचं वजन करून, रक्त बघून ठरवतात, आणि आपल्याला आपल्याच पाल्याचा कस डोळ्यांनी कळत नाही. कारखाना ह्या पानातलं एक काढून घेतो आणि बाकी ढीगभर काय काय फेकतो, ते सगळं तिच्या पोटात जातंय. तिला बटण लावता येत नाही, दिसत नाही का तुला?

त्याने ऐकून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, गाठी गेल्या की नाही?"

"औषधाने गेल्या."

"कशावरून?"

 माझ्याकडे उत्तर होतं, पण मला स्वतःला पटवायला पुरेल एवढंच.

"तू उद्या सांग डॉक्टरबाईंना," तो म्हणाला. "त्या म्हणतील बंद करा. मी बंद करतो. आणि मग गाठी परत आल्या तर मी कोणाकडे बघू? तुझ्याकडे?"

त्याने फावडं उचललं आणि पाला उलथायला लागला. मी दाराशी उभी राहिले. शेडमध्ये तो ओळखीचा उग्र वास भरला होता. इतकी वर्षं त्या वासात जेवणाची वेळ झाली की भूक लागायची; त्या दिवशी पहिल्यांदा तो वास अंगावर आला. मी कुठलाच शहाणपणा केला नाही. घरात गेले आणि भांडी घासत बसले. कारण तो म्हणाला ते माझ्याही मनात येऊन गेलं होतं. समजा, त्याचंच खरं असलं तर?

तीन दिवस मी त्या 'समजा'शी झुंजत होते. नळीची गाठ सोडून आले, पुन्हा मारलेली दिसली. पुन्हा सोडली. आम्ही बहीणभाऊ एकमेकांशी बोलत होतो, हवापाण्याचं, टेम्पोच्या चाकांचं, आणि मधल्या वेळात ती नळी बांधत-सोडत होतो.

मग चप्पल सापडली.

शेडपासून घरापर्यंत फरशीची पायवाट आहे. दुपारी मी घराकडे येत होते, वाटेत मधोमध वहिनीची डाव्या पायाची चप्पल पडलेली. मला वाटलं तुटली असेल. उचलून बघितली, धड होती. घरात गेले तर वहिनी ओट्याशी उभी राहून पाणी पीत होती. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, धुळीने भरलेला, आणि अंगठ्यापाशी ठेच लागून रक्त आलेलं. रक्ताचे ठिपके दारापासून तिच्यापर्यंत आले होते.

मी विचारलं, चप्पल कुठे गेली गं?

तिने खाली बघितलं. बराच वेळ बघत राहिली. दुसऱ्या कोणाचा पाय आपल्या घरात आल्यासारखी.

"आत्ता तर होती," ती म्हणाली.

तिला चप्पल निसटलेली कळली नव्हती. खडे टोचलेले कळले नव्हते. ठेच लागलेली कळली नव्हती. मी खाली बसून तिचा पाय पुसला, पट्टी बांधली. पाऊल माझ्या हातात ओल्या फडक्यासारखं पडलं होतं. वर बघायचा मला धीर होईना. वरून ती म्हणाली, बरं आहे ताई, आता नवीन चप्पल चावली तरी कळायचं नाही. ह्या वेळी मला हसता आलं नाही, आणि मी हसले नाही हे बघून तीही गप्प झाली. 

तिला पलंगावर बसवलं आणि नखांनी खुडलेले ते शेंडे आठवून मी सरळ आईकडे गेले. आई मागच्या अंगणात होती. पातेलं घासत होती, राखेने, आतून, जोर लावून. आतल्या कडेला हिरवट-काळी रेघ होती, ती जात नव्हती. मी तिचे हात धरले आणि नखं बघितली. अंगठ्याच्या नखाखाली हिरवं होतं.

आईने हात सोडवून घेतला. तिचा नेहमीचा बाणा बाहेर काढला. म्हणाली, ज्या पानाचं औषध करतात तेच पान. सुईने गेलं तर औषध आणि कपाने गेलं तर विष, हे कुठलं शास्त्र? लहानपणी मी तुम्हाला मारायची ते तुम्ही धडधाकट होतात म्हणून. धडधाकट माणसाला विष. आजारी माणसाला तेच औषध. सकाळी उपाशीपोटी देते, मधात. गाठी कशा पळाल्या बघितलंस ना? आणि बाळला सांगू नकोस, तो घाबरट आहे, डॉक्टरणीला जाऊन सांगेल.

बाळ म्हणजे पांढऱ्या मिशांचा माझा भाऊ.

मी म्हटलं, "आई, बाळ संध्याकाळी देतो."

पातेलं तिच्या हातातून सुटलं नाही. तिने ते हळूच खाली ठेवलं, आवाज न करता, कोणी झोपलं असल्यासारखं. मग स्वतः खाली बसली. तिचं तोंड उघडं राहिलं होतं आणि त्या क्षणी ती एकदम खूप म्हातारी दिसली.

"रोज?" तिने विचारलं.

"रोज."

मी तिला चपलेचं सांगितलं. ती ऐकत होती आणि पदराने नखाखालचं हिरवं काढत होती. शेवटी म्हणाली की आता नाही द्यायचं. मी नाही देत, तू बाळकडचं बंद कर. पण सांगायचं नाही कोणाला. बंदच केलं तर सांगायचं कशाला? त्या बाई रागावतील, म्हणतील तुम्ही तुमचंच बघा आता, न्या घरी. मग कुठे नेऊ मी तिला?

ती भीतीसुद्धा खोटी नव्हती. आम्ही सगळेच तिथे खुर्चीच्या कडेवर बसायचो, कोणीतरी उठवेल म्हणून.

मी भावाला जाऊन एवढंच सांगितलं की आजपासून बंद, नाहीतर मी वाफा उपटीन. आईचं नाव घेतलं नाही. त्याने वाद घातला नाही. चप्पल त्याने बघितली होती वाटतं. संध्याकाळी मी बघितलं तर नळीची गाठ सुटलेली होती आणि तो वाफ्याजवळ उभा राहून पाणी मुरताना बघत होता. मला वाटलं, संपलं. आता बोटं परत येतील, पाय परत येतील, आणि आपण हे कुठेतरी पुरून टाकू.

पुढची तारीख दुसऱ्याच दिवशी होती. सकाळी मी मागच्या दारी भांडं धुवायला गेले तर वाफ्यातली झाडं मान वर करून उभी होती. रात्रीच्या पाण्याने उठली होती. झाडांचं बरं असतं.

टेम्पोत चौघं बसलो. भाऊ चालवत होता, वहिनी खिडकीशी, मध्ये आई आणि मी एकमेकींत रुतून. आई वहिनीचा हात हातात घेऊन चोळत होती. भाऊ एकदा म्हणाला की ब्रेक जरा कडक झालाय.

हॉस्पिटलात आधी रक्त घेतलं. मग बराच वेळ बाकावर बसलो. मग आत बोलावलं, चौघांनाही, आणि दार लावून घेतलं. दार लावलेलं मला आवडलं नाही.

डॉक्टरबाईंनी वहिनीला पाय सोडून बसवलं आणि गुडघ्याखाली छोट्या रबरी हातोडीने ठोकलं. पाय हलला नाही. दुसऱ्या पायाला ठोकलं. तोही हलला नाही. डोळे मिटायला सांगून बोटांना कापूस लावला, विचारलं कळतंय का. वहिनी म्हणाली, काय कळायचंय? त्यांनी जबड्याचं विचारलं, पोटाचं विचारलं. वहिनीने सांगितलं, जबडा दुखतो, पोट आठवडाभर साफ नाही. आम्हाला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. मग त्या खुर्चीत बसल्या, रक्ताचा कागद पुढे ओढला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

त्या शांतपणे बोलत होत्या, म्हणून जास्त भीती वाटली. म्हणाल्या, बोटांना मुंग्या येणं ह्या औषधाने होतं, ते मला अपेक्षित होतं. पण इतकं नाही, इतक्या लवकर तर नाहीच. आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी एवढ्या खाली गेल्यात की आज साधी सर्दीसुद्धा हिला झेपणार नाही. माझ्या औषधाच्या हिशेबात हे बसत नाही. आता दोन शक्यता उरतात. एक म्हणजे रोग मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत गेला आहे. ते बघायला पाठीत सुई घालून पाणी काढावं लागेल. दुसरी म्हणजे तिच्या शरीराला हे औषध सोसत नाही. मग ते थांबवावं लागेल. गाठी त्याने विरघळत होत्या, म्हणून मला ते थांबवायचं नव्हतं. दुसरं आहे, पण ते इतकं खात्रीचं नाही.

भाऊ खिडकीकडे वळला होता, पण त्या खोलीला खिडकी नव्हती. तो भिंतीकडे बघत होता.

"म्हणून मी पुन्हा विचारते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घरी आणखी काही दिलं जातंय का?"

आईने तोंड उघडलं. नेहमीचं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, घरचं जेवण आणि तुमचं औषध. ते बाहेर पडलं नाही. टेबलाखाली तिच्या हाताने माझं मनगट पकडलं, पण ते मला गप्प करायला की बोल म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. मी "बाई," एवढं म्हटलं.  भावाकडे बघितलं. त्याचे कान लाल होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तो ते पुसतही नव्हता.

"मी सांगते," वहिनी म्हणाली.

ती पलंगाच्या कडेवर पाय लोंबकळत सोडून बसली होती, शाळेत बाकावर बसतात तशी. शर्टाचं मधलं बटण सकाळी आम्ही कोणीच लावलं नव्हतं. ती ते लावायचा प्रयत्न करत करत बोलत होती.

"सकाळी सासूबाई देतात, मधातून. संध्याकाळी हे देतात, टॉनिक म्हणून. सदाफुलीचा पाला, आमच्याच वाफ्यातला. ह्यांना सासूबाईंचं माहीत नाही, सासूबाईंना ह्यांचं माहीत नव्हतं."

भावाने आईकडे बघितलं. आईने बघितलं नाही.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला माहीत होतं, तो पाला आहे?"

वहिनीला हसू आलं. "डॉक्टर, मी जन्मभर तो पाला निवडलाय. डोळे बांधून समोर धरलात तरी कुठल्या वाफ्यातला ते वासावर सांगेन. मध घातला म्हणून काय लपतो? दोघं इतक्या आशेने कप धरायचे, मला नाही म्हणवेना. पिऊन कप विसळून ठेवायची, म्हणजे एकाचा दुसऱ्याला दिसायला नको."

मग ती माझ्याकडे वळली.

"आणि दुपारी मी माझी पानं खाते. शेडमागे जाऊन. कच्चीच. ते ह्या दोघांनाही माहीत नाही. ताई, तुम्हाला कळलं असेल, तुम्हाला फांदी बघून कळतं. पूर्वी मी पान काढलेलं कळायचं नाही कोणाला. आता सालीसकट ओढून येतं."

खालच्या, लोंबत्या सालींच्या फांद्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. शेळीवर ढकललेल्या.

"कालपासून बंद झालं दोघांचं," वहिनी म्हणाली. "मला वाटलं, ह्यांना तुम्ही सांगितलं असेल की आता काही उपयोग नाही, म्हणून बंद केलं. म्हणून आज सकाळी निघताना मी जास्त खाल्ली."

आईने तोंडाला पदर लावला. डॉक्टरबाई उठल्या, दार उघडून सिस्टरला हाक मारली, आजचं औषध थांबवा म्हणाल्या, सलाईनची तयारी करा म्हणाल्या, आणि परत येऊन वहिनीसमोर उभ्या राहिल्या. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिचं ते मधलं बटण लावून दिलं आणि विचारलं, इतक्यांदा विचारलं, मग सांगितलं का नाही?

वहिनीने आधी सासूकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग माझ्याकडे. सगळ्यांची परवानगी काढावी तसं.

"आमच्याकडे गाठ म्हणतात तिला," ती म्हणाली. "उशी हवी का विचारतात, दूध गरम करू का विचारतात. मला वाटायचं, मी एक शब्द बोलले तर हे तिघंही कोसळतील. म्हणून आम्ही सगळे पाला खात आणि उकळत बसलो. मला मरायची भीती वाटते, डॉक्टर. फार भीती वाटते."